चीज घातल्याने पॅटिस पौष्टिक होत नाही

‘चीज पॅटिस मुलांना द्यायला हरकत नाही, त्यात प्रोटीन असतं.’ हे वाक्य मी गेली काही वर्षं यवतमाळ जिल्ह्यातल्या मारेगावात वारंवार ऐकतो आहे. शाळेच्या डब्यासाठी ते पुरेसं कारण ठरतं आणि वाढदिवसाच्या खाऊसाठीही. दुपारी बेकरीच्या काचेपुढे उभ्या असलेल्या आईला दुकानदार तेच सांगतो, आणि ती घरी जाऊन सासूला तेच सांगते. समोसा वाईट, कचोरी वाईट, आलूबोंडा तर विचारूच नका. पण चीज पॅटिस, पनीर पफ, चीज कचोरी यांना मात्र सूट. मैदा तोच, चरबी तेवढीच किंवा जास्त, तरी आत दुधाचा पदार्थ आहे म्हणून तो खाऊ ‘हेल्दी’.

या समजुतीला माझा विरोध आहे. लोकांनी पॅटिस खाऊ नये असं मी म्हणत नाही. सणासुदीला, लग्नात, वणीला बाजारात गेल्यावर भूक लागली म्हणून, चवीसाठी खुशाल खावं. माझा आक्षेप आहे तो पोषणाच्या नावाला. ज्या तालुक्यात मुलांच्या ताटातलं पोषण ही खरी, रोजची अडचण आहे, तिथे पोषणाचं नाव चुकीच्या पदार्थाला दिलं की नुकसान मुलाचं होतं.

आधी हिशोब करू. हा हिशोब माझा आहे, आणि त्यासाठी प्रयोगशाळा लागत नाही. घटकपदार्थांची पोषणमूल्यं छापील तक्त्यांत मिळतात. बेकरीतलं मध्यम आकाराचं पॅटिस घ्या. त्यात साधारण ३० ग्रॅम मैदा, पदर सुटावेत म्हणून १७ ग्रॅमच्या आसपास मार्जरीन, २५ ग्रॅम आलू-कांद्याचं सारण आणि वर दहा ग्रॅम चीज धरू. दहा ग्रॅम हे मी उदार मनाने धरतो आहे. मैद्यातून तीन ग्रॅम प्रथिनं येतात, आलूतून जेमतेम अर्धा ग्रॅम, चीजमधून दोन. एकूण साडेपाच. म्हणजे ज्या चीजच्या नावाने पॅटिस विकलं जातं, त्याच्यापेक्षा जास्त प्रथिनं त्यातल्या मैद्याने दिली. आता चरबी बघा. मार्जरीन आणि चीज मिळून सोळा ग्रॅम. पूर्ण पॅटिसच्या पावणेतीनशेच्या आसपास कॅलरी, त्यातल्या निम्म्याहून अधिक चरबीतून, आणि प्रथिनांतून जेमतेम आठ टक्के.

याच साडेपाच-सहा ग्रॅम प्रथिनांसाठी एक उकडलेलं अंडं पुरतं. त्यात पंचाहत्तर कॅलरी आणि पाच ग्रॅम चरबी. मूठभर फुटाणे, म्हणजे ३० ग्रॅम, तेवढीच प्रथिनं देतात, चरबी दोन ग्रॅमसुद्धा नाही, वर भरपूर तंतू. पेलाभर दूध तेवढीच प्रथिनं देतं आणि अडीचशे मिलिग्रॅमच्या जवळपास कॅल्शियमही देतं. सात ते नऊ वर्षांच्या मुलाला दिवसाकाठी २३ ग्रॅमच्या आसपास प्रथिनं हवीत, अशी भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची २०२० ची शिफारस आहे. ती गरज पॅटिसमधून भागवायची म्हटली तर चार पॅटिस खावी लागतील, आणि त्याबरोबर अकराशे कॅलरी नि पासष्ट ग्रॅम चरबी पोटात जाईल.

‘मग चीज जास्त घाला,’ असं कुणी म्हणेल. घाला. वीस ग्रॅमची एक पूर्ण स्लाइस जास्त घातली तर चार ग्रॅम प्रथिनं वाढतात, पाच ग्रॅम चरबी वाढते आणि अडीचशे-तीनशे मिलिग्रॅम सोडियम वाढतं. प्रक्रिया केलेल्या चीजमध्ये मीठ आणि ते वितळवण्यासाठी वापरलेले क्षार असतात, त्यामुळे ते साध्या दुधापेक्षा कित्येक पटींनी खारट असतं. मोठ्या माणसाने दिवसाला दोन ग्रॅमपेक्षा कमी सोडियम घ्यावं, म्हणजे चमचाभर मीठ, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. मुलांची मर्यादा त्याहून कमी. पॅटिसच्या पिठातलं मीठ, सारणातलं मीठ, मार्जरीनमधलं मीठ आणि त्यावर चीज, असं सगळं धरलं की आठ वर्षांच्या पोराच्या दिवसभराच्या मिठाचा मोठा वाटा मधल्या सुट्टीतच संपतो.

चीजबद्दल माझं काही वाकडं नाही, हे इथेच सांगून टाकतो. चीज हे दुधाचं घट्ट रूप आहे. त्यातली प्रथिनं उत्तम दर्जाची, शरीराला लागणारी सगळी अमिनो आम्लं असलेली. शाकाहारी घरात ब-१२ जीवनसत्त्वाचे मार्ग थोडेच असतात, त्यांतला दूध हा मुख्य. ज्याला परवडतं त्याने भाकरीबरोबर चीजचा तुकडा खाल्ला तर मी आनंदाने मान डोलवेन. पण दहा ग्रॅम चीज मैद्या-मार्जरीनच्या पदरांत गुंडाळलं की त्या चीजचे गुण सगळ्या पदार्थाला मिळत नाहीत.

आता दुसरा युक्तिवाद, जो शिकलेल्या घरांत जास्त चालतो: ‘पॅटिस तळलेलं नसतं, भट्टीत भाजलेलं असतं.’ पॅटिस बनताना ज्याने बघितलं नाही तोच हे म्हणू शकतो. मैद्याची पोळी लाटायची, तिच्यावर मार्जरीनचा थर द्यायचा, घडी घालायची, पुन्हा लाटायची, पुन्हा घडी. प्रत्येक दोन पदरांच्या मध्ये चरबीचा थर असतो म्हणून तर भट्टीत ते पदर फुलून सुटे होतात. चरबी कमी केली तर पॅटिसची खारी होत नाही, भाकर होते. समोसा जे तेल कढईत बाहेरून पितो, ते पॅटिस पोळपाटावरच आतून पिऊन आलेलं असतं. आणि ही चरबी कोणती? यवतमाळ जिल्ह्यात मे महिन्यात पारा ४४-४५ ला टेकतो. अशा उन्हात लाटताना वितळून वाहू नये इतकी घट्ट चरबी बेकरीवाल्याला लागते, आणि जी चरबी घट्ट असते तिच्यात संपृक्त स्निग्धांश जास्त असतो. पूर्वी हे काम वनस्पती तुपातल्या ट्रान्स फॅटने व्हायचं. ट्रान्स फॅट हृदयाच्या धमन्यांना सर्वांत घातक. म्हणून भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाने तेला-तुपातली त्याची मर्यादा २०२१ मध्ये तीन टक्क्यांवर आणि जानेवारी २०२२ पासून दोन टक्क्यांवर आणली. हा चांगला निर्णय होता आणि त्याचं श्रेय द्यायलाच हवं. पण ट्रान्स फॅट हटल्याने त्याची जागा मोकळी राहिली नाही, तिथे बहुतांशी पामतेलाची घट्ट चरबी आली. ती कमी वाईट, एवढंच म्हणता येईल. रोजच्या डब्यात द्यावी अशी ती चरबी नाही.

समोशाच्या तळणीचे दोष मी लपवत नाही. तेच तेल पुन्हा पुन्हा तापवलं तर ते बिघडतं, आणि त्यासाठीही २०१८ पासून नियम आहे: तेलातली ध्रुवीय संयुगं पंचवीस टक्क्यांवर गेली की ते तेल टाकून द्यायचं. पण एका पदार्थाचे दोष दाखवल्याने दुसरा निर्दोष होत नाही.

इथे जुलै २०२५ ची आठवण काढणं भाग आहे, कारण चीज पॅटिसला मिळालेल्या सुटीत त्या वेळच्या वादाचाही हात आहे. नागपूरच्या एम्समध्ये समोसा, जिलेबी, वडापाव यांतलं तेल आणि साखर दाखवणारे फलक लागणार, अशी बातमी आली आणि अख्ख्या देशात गदारोळ झाला. समोशावर सिगारेटसारखा इशारा छापणार, आपल्या खाण्याचा अपमान, पिझ्झा-बर्गर मात्र मोकळे, असे सूर निघाले. मग केंद्रीय आरोग्य मंत्रालयाला खुलासा करावा लागला: विक्रेत्यांच्या पदार्थांवर इशारे छापायला सांगितलेलं नाही, कुठल्या एका भारतीय पदार्थावर रोख नाही, कार्यालयांत नि संस्थांमध्ये लोकांना तेल-साखरेची जाणीव व्हावी म्हणून फलक लावायचे आहेत. खुलासा योग्यच होता. पण तोवर चर्चा देशी विरुद्ध विदेशी अशी होऊन बसली होती, आणि या भांडणात मधलं सगळं निसटलं. चीज पॅटिस ना धड देशी ना धड विदेशी. ते गल्लीतल्या बेकरीत बनतं, सारण आपल्याच आलूचं, वर चीजचा तुकडा. त्याच्यावर कुणी बोललंच नाही. समोसा सोडल्याचं समाधान घेऊन लोक पॅटिसकडे वळले, आणि त्यांना वाटलं आपण काहीतरी चांगलं केलं.

तिसरी गोष्ट मला सर्वांत जास्त खुपते. आपण ज्याला चीज म्हणून खातो ते दरवेळी चीज असतंच असं नाही. दुधाच्या चरबीऐवजी पामतेल, घट्टपणासाठी स्टार्च, चवीसाठी स्वाद घालून बनवलेले ‘ॲनालॉग’ बाजारात मिळतात. ते बनवणं बेकायदा नाही. पाकिटावर तसं लिहिलं पाहिजे आणि दुधाच्या पदार्थाचं नाव लावता कामा नये, एवढाच कायदा आहे. अडचण अशी की ते पाकीट बेकरीच्या मागच्या खोलीत फाटतं आणि गिऱ्हाइकापर्यंत येतो तो फक्त वितळलेला पिवळा थर. पनीरचंही तेच. मार्च २०२५ मध्ये श्रीगोंद्याचे आमदार विक्रम पाचपुते यांनी बनावट पनीरचा प्रश्न विधानसभेत मांडला तेव्हा राज्यभर त्याची चर्चा झाली. त्याआधी अहमदनगरला एका मोठ्या बर्गर साखळीच्या दुकानावर, चीजच्या नावाने ॲनालॉग वापरल्याच्या संशयावरून अन्न व औषध प्रशासनाने कारवाई केली होती. कंपनीने तो आरोप फेटाळला आणि आपण खरंच चीज वापरतो असं सांगितलं. त्या वादात कोण बरोबर, हा इथे मुद्दा नाही. ज्यांच्याकडे मालाचे कागद, खरेदीची बिलं, प्रयोगशाळेचे अहवाल असतात, त्यांनासुद्धा हा प्रश्न विचारावा लागतो. मग किलोवर सुटा ठोकळा आणणाऱ्या छोट्या दुकानात आई काय विचारणार आणि दुकानदार तरी काय सांगणार? बहुतेक वेळा त्यालाही माहीत नसतं. मी त्याला दोषी धरत नाही. तो मिळेल त्या भावात माल आणतो. पण मग ‘चीजमधून प्रोटीन’ हे वाक्य कशावर उभं आहे? स्टार्च आणि पामतेलाच्या थरातून मुलाला प्रथिनं मिळणार नाहीत, आणि माझ्या हिशोबातले ते दोन ग्रॅमही गेले.

चौथा आक्षेप मला स्वतःला सर्वांत वजनदार वाटतो, म्हणून त्याचं उत्तर सविस्तर देतो. ‘गरिबाघरचं पोर आधीच किडकिडीत. त्याला कॅलरी हव्यात, चरबी हवी. तुमचे हे शहरी डाएटचे चोचले इथे कशाला?’ हे म्हणणारी माणसं प्रामाणिक आहेत. मारेगाव तालुक्यातली कित्येक गावं अनुसूचित क्षेत्रात येतात. कोलामांचे पोड, म्हणजे पाडे, इथे आहेत, गोंड आणि परधान वस्त्या आहेत, कापूस वेचून दिवस काढणारी घरं आहेत. किडकिडीत मुलं मीही बघतो. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत महाराष्ट्रातल्या पाच वर्षांखालच्या मुलांपैकी ३५.२ टक्के वयाच्या मानाने खुजी आणि ३६.१ टक्के कमी वजनाची निघाली. सहा महिने ते पाच वर्षं वयाची ६८.९ टक्के मुलं रक्तक्षयाची होती. शंभरातली एकोणसत्तर मुलं. हा आकडा वाचून मला रात्री झोप लागत नाही.

पण म्हणूनच पॅटिस हे त्याचं उत्तर नाही. कॅलरी कमी पडतात हे खरं असलं, तरी मुलाची उंची खुंटते ती नुसत्या कॅलरीअभावी नाही; चांगली प्रथिनं, लोह, जस्त, जीवनसत्त्वं कमी पडतात, आजारपणं मागे लागतात म्हणूनही खुंटते. रक्तक्षयाचं बघा. चीजमध्ये लोह नसल्यात जमा, मैद्यात दळताना गव्हाचा कोंडा आणि अंकुर निघून गेलेला, मार्जरीनमध्ये काहीच नाही. उलट दुधाच्या पदार्थातलं कॅल्शियम त्याच जेवणातलं लोह शोषण्यात अडथळा आणतं. म्हणजे ज्या मुलाच्या रक्तात लोह नाही त्याला आपण लोह नसलेला खाऊ देतो, आणि पोट भरल्यामुळे ते घरी येऊन वरण, भाजी, भाकर सोडून देतं. लहान पोटात जागा थोडी असते. ती जागा पावणेतीनशे कॅलरींच्या पॅटिसने भरली की संध्याकाळच्या ताटात त्याचा हात आखडतो. किडकिडीत मुलाला याची किंमत जास्त मोजावी लागते, कारण त्याच्या ताटात आधीच कमी असतं. आणि एका चीज पॅटिसच्या पैशात निदान दोन अंडी येतात, हे गरिबाच्या बाजूने बोलणाऱ्याने विसरू नये.

मला हेही दिसतं की आपल्या भागात प्रथिनं पिकतात. तूर इथली, हरभरा इथला, सोयाबीन इथलं. वणी-यवतमाळ रस्त्याच्या दोन्ही बाजूंना खरिपात कापसाच्या जोडीने तूर उभी असते. तुरीच्या डाळीत शंभर ग्रॅमला बावीस ग्रॅम प्रथिनं, सोयाबीनमध्ये त्याच्या दीडपटीहून जास्त. पण सोयाबीन आपल्या शेतातून थेट बाजार समितीत आणि तिथून तेलगिरणीत जातं. तेल वेगळं निघतं, प्रथिनांची पेंड कोंबड्या-जनावरांच्या खाद्यात जाते. घराघरांत त्यातलं फारसं काही उरत नाही. ज्वारीचं क्षेत्र कापसा-सोयाबीनने खाल्लं, भाकरीची जागा पोळीने आणि रेशनच्या तांदळाने घेतली. ज्वारीत शंभर ग्रॅमला दहा ग्रॅम तंतू असतात, मैद्यात तीनसुद्धा नाहीत. ज्वारीच्या प्रथिनात लायसिन कमी असतं हे खरं. तुरीच्या वरणाने ती उणीव भरून निघते. वरण-भाकर ही जोडी आपल्या आज्यांनी पोषणशास्त्र न शिकता जमवली होती, आणि शास्त्राने नंतर तिला दुजोरा दिला.

चटकदार, सारण भरलेला खाऊच हवा असेल तर विदर्भात त्याची वाण कधीच नव्हती. हिवाळ्यात हिरव्या तुरीच्या सोल्यांची कचोरी आपल्याकडे होते. ती तळलेली असते, तेल असतंच, तिला मी औषध म्हणणार नाही. पण तिच्या पोटात कडधान्य असतं, सांबार (म्हणजे कोथिंबीर) आणि हिरवी मिरची असते, आणि ती सोल्यांच्या दिवसांतच होते, वर्षभर रोज नाही. शेगावच्या कचोरीचं सारणही डाळीचंच. वाफवलेले फुणके घ्या: तुरीची डाळ भिजवून, जाडसर वाटून, वाफेवर शिजवायची, तेल लागतं ते फोडणीपुरतं. पाटोडी घ्या, बेसनाची. तिळाची, जवसाची चटणी घ्या. न सोललेल्या तिळात शंभर ग्रॅमला बाराशे मिलिग्रॅमहून जास्त कॅल्शियम असतं. ते सगळं अंगी लागत नाही, त्यातल्या ऑक्सलेटमुळे बरंच वाया जातं, तरी भाकरीवर दोन चमचे चटणी रोज खाणाऱ्याला कॅल्शियमसाठी चीजच्या थराची वाट बघावी लागत नाही. घरातल्या बाईवर यासाठी आणखी एक काम टाकावं असं मी म्हणत नाही. कापूस वेचून आलेल्या बाईने पुन्हा फुणके वाफवत बसावं, हे सांगणं सोपं आणि अन्यायाचं आहे. फुटाणे, शेंगदाणे, अंडं, केळं यांना वेळ लागत नाही. डब्यात तेच भरावं.

आणि हे सगळं आईच्याच गळ्यात घालून सरकारला मोकळं सोडायलाही मी तयार नाही. शालेय पोषण आहारात पाचवीपर्यंतच्या मुलाला रोज ४५० कॅलरी आणि १२ ग्रॅम प्रथिनं, सहावी ते आठवीच्या मुलाला ७०० कॅलरी आणि २० ग्रॅम प्रथिनं द्यायची, असं सरकारी मानक आहे. त्याला जोड म्हणून २०२३ च्या शेवटी महाराष्ट्र सरकारने आठवड्यातून एक अंडं, न खाणाऱ्याला केळं, असा निर्णय घेतला. आठवड्याला फक्त एक अंडं, तरीही तो मुलांच्या हिताचा निर्णय होता. जानेवारी २०२५ मध्ये सरकारने त्यासाठीचा पैसा काढून घेतला आणि अंडी द्यायची तर शाळांनी लोकसहभागातून द्यावीत असं सांगितलं. पन्नास कोटी रुपये वाचवले. ज्या राज्यात शंभरातली एकोणसत्तर लहान मुलं रक्तक्षयाची, तिथे अंड्याचे पैसे वाचवले. आणि त्याच वर्षी आपण समोसा मोठा की पिझ्झा, यावर भांडत बसलो.

लोकसहभागाचीच गोष्ट काढली आहे तर मारेगावात तो होऊ शकतो. वाढदिवसाला वर्गात पॅटिस वाटणाऱ्या घरांनी त्याऐवजी उकडलेली अंडी किंवा केळी आणि फुटाणे वाटावेत, एवढ्या साध्या गोष्टीने सुरुवात होईल. पण त्याने सरकारची जबाबदारी संपत नाही. पैसा परत आला पाहिजे आणि तो आठवड्याला एका अंड्यावर थांबता कामा नये. शाळेच्या फाटकापासून पन्नास मीटरच्या आत चरबी-मीठ-साखर जास्त असलेले पदार्थ विकायचे नाहीत, असा अन्न सुरक्षा प्राधिकरणाचा २०२० चा नियम आहे. त्याच्या अर्थात चीज पॅटिससुद्धा बसतं, हे शाळा व्यवस्थापन समित्यांनी वाचून घ्यावं. फाटकाजवळ हातगाडी लावून पोट भरणाऱ्याला हाकलून देण्यापेक्षा त्याने तिथे फुटाणे, भुईमुगाच्या उकडलेल्या शेंगा, उकडलेली अंडी विकावीत यासाठी नगरपंचायतीने त्याला जागा आणि परवाना द्यावा. बेकरीच्या काचेवर पॅटिसच्या किमतीशेजारी आत चीज आहे की ॲनालॉग, आणि एका नगात चरबी किती ग्रॅम, एवढ्या दोन गोष्टी मराठीत लिहायला लावाव्यात.